कोलोरॅडोचा ताळेबंद



वसंत व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते त्या दिवसांत आपल्या दख्खनच्या नद्या आटलेल्या असतात. कृष्णा काय, भीमा काय, नीरा काय, चैत्र-वैशाखात त्यांच्या पात्रात वाळू अधिक आणि पाणी कमी. वरच्या धरणातून आवर्तन सोडले तर पाणी, नाही तर डोह. मृगाचा पाऊस पडला म्हणजे नदी जागी होते, श्रावणात दुथडी भरून वाहते आणि दिवाळीनंतर पुन्हा उतरत जाते. नदी आणि पाऊस ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आलेले असते.

आज मी जिची हकीकत सांगणार आहे त्या नदीची रीत उलटी आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातली कोलोरॅडो नदी याच दिवसांत फुगू लागते. आभाळ निरभ्र असते, खालच्या वाळवंटात ऊन तापत असते, पावसाचे नाव नसते आणि नदी मात्र दिवसागणिक चढत जाते. धरणे बांधली जाण्यापूर्वी मे अखेरीपासून जूनपर्यंत तिला वर्षाचा मोठा पूर येई आणि हिवाळ्यात ती इतकी रोडावे की पुराच्या विसाव्या हिश्श्याइतकेही पाणी तिच्यात राहत नसे. याचे कारण असे की तिचे पाणी आधीच पडून गेलेले असते. ते नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रॉकी पर्वतावर हिम होऊन पडते, तेथेच साचून राहते आणि उन्हाळा लागला की वितळून खाली येते.

कामगार चळवळीतल्या माणसाला हा विषय कशाला हवा, असे कोणी विचारील. माझे शाळेतले शिक्षण थोडे, पुढचे सारे वाचनालयातले. पाणीशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु करार कसे होतात, कोणत्या आकड्यावर होतात आणि तो आकडा खोटा निघाला म्हणजे कोणाच्या ताटातले काढून घेतले जाते, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. कोलोरॅडोचा इतिहास हा अशाच एका कराराचा इतिहास आहे. म्हणून तो मला वाचावासा वाटला, आणि वाचल्यावर सांगावासा वाटला.

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. लांबी सुमारे २,३३० किलोमीटर. खोरे सव्वासहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. एवढे मोठे खोरे, पण त्यातले बहुतेक वाळवंट. खोऱ्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा उंच पर्वतांचा आहे आणि नदीच्या पाण्यापैकी शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास पाणी त्या लहानशा हिश्श्यातून येते. उरलेला सारा प्रदेश नदीला काही देत नाही, तिच्याकडून घेतो मात्र.

हिमाचा गुण असा की ते घाई करीत नाही. पाऊस पडला की काही तासांत ओढ्याला येतो, माती घेऊन येतो आणि निघून जातो. हिम चार महिने पर्वतावर बसून राहते. दिवसा थोडे वितळते, रात्री थांबते, जमिनीत झिरपते आणि हळूहळू खाली उतरते. पावसाचे पाणी म्हणजे रोजंदारी, आज मिळाली आणि आज संपली. हिम म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. पर्वत आपल्या पगारातून हिवाळाभर कापून ठेवतो आणि उन्हाळ्यात देतो. अमेरिकेच्या पश्चिमेला जी शेती उभी राहिली ती या निसर्गाच्या फंडावर उभी राहिली, कारण पिकाला पाणी लागते उन्हाळ्यात आणि तेथला पाऊस त्या वेळी भरवशाचा नाही.

आता हा फंड किती जमला आहे हे उन्हाळ्यापूर्वी कसे ओळखावे? नुसती हिमाची उंची मोजून भागत नाही. भुसभुशीत दहा इंच हिमातून एक इंचही पाणी निघणार नाही, आणि दाबून बसलेल्या तेवढ्याच हिमातून तीन-चार इंच निघेल. हे कोडे सोडवले ते कोणा इंजिनिअरने नव्हे. नेव्हाडा विद्यापीठात लॅटिन भाषा शिकवणारे जेम्स चर्च म्हणून एक प्राध्यापक होते. त्यांना डोंगर चढण्याचा नाद होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माउंट रोझ या शिखरावर त्यांनी एक पोकळ नळी तयार केली. ती हिमात खालपर्यंत खुपसायची, आत भरलेल्या हिमासकट वर काढायची आणि वजन करायचे. उंची नाही, वजन. वजनावरून पाणी कळते. त्याच जागी दरवर्षी मोजत गेले की यंदा नेहमीच्या किती टक्के पाणी येणार याचा अंदाज बांधता येतो. पश्चिमेकडच्या सगळ्या नद्यांचे अंदाज पुढे या वजनाच्या काट्यावर बांधले जाऊ लागले. लॅटिन शिकवणाऱ्या माणसाने हे करावे, याचा आम्हा बिनपदवीच्या लोकांना थोडा आनंद होतो, तो आपण गोड मानून घ्या.

परंतु कोलोरॅडोच्या खोऱ्यात सगळेच हिम नाही. अगदी खाली, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ यूमा गावापाशी तिला गिला नावाची उपनदी मिळते. ती ॲरिझोनातून येते आणि हिवाळी पावसाने अचानक फुगते. मुख्य नदी शांत असते तेव्हा ही येऊन धडकते. हिमाच्या नदीवर पावसाची नदी अवेळी येऊन आदळली म्हणजे काय होते, याचा दाखला १९०५ साली मिळाला.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला समुद्रसपाटीहून खोल असा एक कोरडा खळगा होता. एका खाजगी कंपनीने १९०१ साली कोलोरॅडोतून कालवा काढून त्याच्या लगतच्या जमिनीवर पाणी नेले, तिला इंपीरियल खोरे असे भारदस्त नाव दिले आणि शेतकरी वसवले. कोलोरॅडो हे नाव स्पॅनिश, अर्थ तांबूस. नदी गाळाने तांबडी असे. तीन वर्षांत कालव्याचे तोंड गाळाने बुजले. पैसा नव्हता आणि शेतकरी पाण्यासाठी ओरडत होते, तेव्हा कंपनीने १९०४ साली मेक्सिकोच्या हद्दीत नदीच्या काठाला नवे तोंड पाडले, आणि त्याला पाणी अडवणारे दरवाजे बसवलेच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात गिलाला पुरावर पूर आले. मागोमाग उन्हाळ्यात हिमाचा पूर आला. भगदाड रुंदावत गेले आणि अख्खी नदी समुद्राचा रस्ता सोडून त्या खळग्यात शिरली. बांध घालावा, गिलाने वाहून न्यावा, असे दोनदा झाले. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने गाड्यांच्या गाड्या भरून दगड ओतले, आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये नदी पुन्हा आपल्या वाटेला लागली. ते दगड रचण्याच्या कामावर त्या भागातल्या आदिवासी जमातींचे शेकडो मजूर होते. खळग्यात जे पाणी साचले ते सॉल्टन समुद्र या नावाने आजही आहे.

या प्रसंगापासून इंपीरियल खोऱ्याच्या शेतकऱ्यांनी एकच मागणी धरली: वर मोठे धरण बांधा. कॅलिफोर्निया धरण मागू लागताच वरच्या राज्यांना धास्ती वाटली. तिकडचा कायदा असा की जो पाणी आधी वापरील त्याचा हक्क आधीचा. कॅलिफोर्नियाने धरण बांधून पाणी उचलले तर ज्यांच्या डोंगरावर हिम पडते त्यांच्या वाट्याला उद्या काय राहणार? म्हणून सात राज्यांनी आधी वाटणी करावी असे ठरले. हर्बर्ट हूवर हे तेव्हा केंद्र सरकारातले व्यापारमंत्री, पुढे अध्यक्ष झाले. ते या वाटाघाटींचे प्रमुख होते. न्यू मेक्सिकोत सांता फे येथे २४ नोव्हेंबर १९२२ रोजी करारावर सह्या झाल्या.

करार असा होता. ॲरिझोनाच्या उत्तरेला लीज फेरी नावाचा एक उतार आहे. तेथे नदीचे दोन भाग कल्पायचे. वरच्या भागात कोलोरॅडो, वायोमिंग, यूटा आणि न्यू मेक्सिको. खालच्या भागात ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा. दोन्ही भागांना वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकरफूट पाणी. खालच्या भागाला आणखी १० लाखांपर्यंत वापर वाढवण्याची मुभा. आणि वरच्या राज्यांवर बंधन असे की कोणत्याही सलग दहा वर्षांत मिळून साडेसात कोटी एकरफुटांखाली प्रवाह जाईल एवढे पाणी त्यांनी अडवू नये. एकरफूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील एवढे पाणी. आपल्याकडे टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफुटांचा हिशेब चालतो. त्या मापाने ७५ लाख एकरफूट म्हणजे सुमारे ३२७ टीएमसी.

हा आकडा आला कोठून? नदीवर पद्धतशीर मोजमाप सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षेच झाली होती, आणि तेही खाली यूमाकडे. लीज फेरीचे मोजणी केंद्र तर १९२१ साली सुरू झालेले. त्या वीस वर्षांची सरासरी सुमारे १ कोटी ६४ लाख एकरफूट निघत होती. त्यावरून दोघांना पाऊण-पाऊण कोटी वाटले तरी वर शिल्लक राहते, असा हिशेब झाला. शिल्लक पुढे केव्हा तरी वाटू, असे कलमही घातले.

ती वीस वर्षे नेमकी भरलेली वर्षे होती.

येथे मी जरा थांबतो. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, मालकांनी पीसरेटचा नवा करार पुढे केला होता. माणशी रोजचे उत्पादन किती धरायचे? त्यांनी मागील वर्षीचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने काढून दाखवले. ते महिने मोठ्या ऑर्डरीचे. यंत्रे नवी, माल वेळेवर, वीज अखंड, ओव्हरटाइम दाबून. कागद खरा होता, त्यातला एक आकडाही बनावट नव्हता. फक्त महिने निवडलेले होते. आमच्या एका जुन्या फिटरने विचारले, "साहेब, जूनचा कागद कुठाय?" कराराला आकडा खोटाच लागतो असे नाही. खऱ्या आकड्यांतले सोयीचे तेवढे घेतले की काम भागते.

सांता फेमध्ये कोणी वर्षे मुद्दाम निवडली असे मी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ तेवढीच होती. पण शंका काढणारा माणूस होता. यूजीन ला रू हा सरकारच्या भूगर्भ खात्यातला जलतज्ज्ञ. या नदीवर त्याने १९१६ सालीच मोठा अहवाल लिहिला होता, आणि खोऱ्यातल्या सगळ्या भिजण्याजोग्या जमिनीला पुरेल एवढे पाणी या नदीत नाही असे त्यात नोंदवले होते. सांता फेच्या चर्चेत त्याला स्थान मिळाले नाही. पुढे १९२५ साली त्याने आणखी एक युक्ती केली. कोलोरॅडोच्या जुन्या नोंदी नाहीत, पण शेजारच्या खोऱ्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या पातळीच्या नोंदी जुन्या होत्या. त्यांवरून त्याने अनुमान काढले की विसाव्या शतकापूर्वीची कित्येक वर्षे बरीच कोरडी गेली असली पाहिजेत. धरणाला मंजुरी देण्यापूर्वी १९२८ साली सेनेतले निवृत्त अधिकारी विल्यम सायबर्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले, त्यानेही पाणी करारात धरल्याहून कमी असल्याचे सांगितले. काँग्रेसने अहवाल ठेवून घेतला आणि त्याच डिसेंबरात धरणाचा कायदा केला. त्याही आधी, १८९३ साली, लॉस एंजलिसच्या पाटबंधारे परिषदेत जॉन वेस्ली पॉवेल यांनी हेच बजावले होते. एक हात लढाईत गमावलेला हा गृहस्थ १८६९ साली होड्या घालून या नदीच्या घळीतून गेला होता. नदी त्याने अंगाने अनुभवली होती. परिषदेत त्याची हुर्यो उडवण्यात आली. तात्पर्य, कोणी सांगितलेच नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

मग धरण आले. आज त्याला हूवर धरण म्हणतात. उंची ७२६ फूट. मागे साचलेले मीड सरोवर पूर्ण भरले तर आपल्या कोयनेचे अकरा-बारा शिवसागर त्यात मावतील. कोयना एका पावसाळ्यात भरते आणि वर्षात वापरली जाते. मीडमध्ये नदीचे जवळजवळ दोन वर्षांचे पाणी राहते. हिमाचा फंड एका वर्षाचा होता, धरणाने तो कित्येक वर्षांचा केला. धरणाचे खरे काम एवढेच. जूनचे पाणी ऑगस्टला द्यायचे, भरल्या वर्षाचे कोरड्या वर्षाला द्यायचे. धरण पाणी निर्माण करीत नाही. उलट पसरलेल्या पाण्यावर वाळवंटाचे ऊन पडते आणि एकट्या मीडमधून वर्षाला सहा लाख एकरफुटांच्या आसपास पाणी वाफ होऊन जाते. १९२२ च्या करारात या वाफेचे खाते नव्हते.

हे धरण बांधताना नदीच्या वेळापत्रकाने माणसांचे काय केले हेही सांगितले पाहिजे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत असतात. पाया खणायचा तर आधी नदी बाजूला वळवायला हवी. त्यासाठी दोन्ही कड्यांतून छप्पन्न फूट व्यासाचे चार बोगदे खोदायचे. नदी वळवता येते ती हिवाळ्यात, पाणी उतरलेले असताना. आणि तात्पुरता बांध उभा राहिला पाहिजे तो पुढच्या उन्हाळ्यातला हिमाचा पूर येण्यापूर्वी. एक हिवाळा हुकला की वर्ष गेले. १ ऑक्टोबर १९३३ पर्यंत नदी वळवली नाही तर दिवसाला तीन हजार डॉलर दंड, असे ठेक्यात लिहिलेले होते. सिक्स कंपनीज या ठेकेदार संघाने १९३१ च्या मार्चमध्ये काम घेतले आणि नदी वळवली १९३२ च्या नोव्हेंबरात, मुदतीच्या अकरा महिने आधी. कौतुकाने सांगितला जाणारा विक्रम आहे हा.

त्याची दुसरी बाजू अशी. मंदीचे दिवस, दाराशी बेकारांची रांग. १९३१ च्या उन्हाळ्यात घळीत उष्णतामान ११९-१२० अंश फॅरनहाइटपर्यंत जाई. जूनअखेर ते जुलैअखेर या एका महिन्यात उष्म्याने चौदा माणसे मेली. वस्तीची घरे अद्याप झालेली नव्हती, माणसे नदीकाठी तंबूत राहत. बोगद्यांत पेट्रोलचे ट्रक चालत आणि धुराने माणसे कोसळत. नेव्हाडाच्या कायद्याने भुयारात अशी इंजिने चालवण्याला बंदी होती. कंपनीने न्यायालयाकडून मनाई मिळवली आणि ट्रक चालू ठेवले. ऑगस्ट १९३१ मध्ये बोगद्यातल्या काही मजुरांची मजुरी पाच डॉलरवरून चारवर आणली तेव्हा सगळ्यांनी काम बंद केले. मागण्या काय होत्या? मजुरी, पिण्याचे स्वच्छ आणि थंड पाणी, संडास, आणि खाणकायद्याचे पालन. कंपनीने काम बंद करून सगळ्यांना काढले आणि नव्याने भरती केली. आठवड्याभरात संप मोडला. थंड पाणी मात्र नंतर मिळाले. संप मोडला तरी त्यातून काही मिळते, हे आपल्या लोकांनीही ध्यानात ठेवलेले बरे. धरणाच्या कामावर मेलेल्यांचा अधिकृत आकडा ९६ आहे. बोगद्यांच्या काळात न्यूमोनियाच्या खाती लिहिलेले ४२ मृत्यू त्यात नाहीत. ते न्यूमोनियाचे होते की ट्रकच्या धुराचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

धरणाचे लोकार्पण ३० सप्टेंबर १९३५ रोजी झाले. पुढची काही दशके भांडणात गेली. ॲरिझोनाने करारावर १९४४ पर्यंत शिक्कामोर्तब केले नाही. १९३४ साली तर पार्कर धरणाचे काम थांबवायला त्या राज्याच्या गव्हर्नराने शिपाई धाडले. त्या तपशिलात मी आपल्याला नेत नाही. अधिक महत्त्वाचे हे की सांता फेच्या बैठकीत दोन पक्ष नव्हतेच. एक मेक्सिको, नदी समुद्राला मिळते ती त्या देशात. १९४४ च्या तहाने त्याला वर्षाला १५ लाख एकरफूट कबूल केले गेले. दुसरा पक्ष खोऱ्यातल्या मूळच्या आदिवासी जमाती. राखीव प्रदेशाबरोबर पाण्याचा हक्कही येतो असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच दिलेला होता. १९२२ च्या करारात त्यांच्यासाठी एक वाक्य आहे: त्यांच्याविषयीच्या सरकारी कर्तव्यांना बाध येणार नाही. आकडा नाही. आता बेरीज करा. वरचे ७५, खालचे ७५, मेक्सिकोचे १५, मिळून १ कोटी ६५ लाख. आदिवासींचा हक्क याच पोटातून, वाफ निराळी.

तरीही ही गोम बरीच वर्षे उघडी पडली नाही. वरची राज्ये आपला पूर्ण वाटा उचलत नव्हती, त्यामुळे कागदावरचा तोटा पात्रात दिसत नव्हता. शिवाय आणखी एक मोठे धरण आले. लीज फेरीच्या थोडे वर ग्लेन कॅन्यन येथे ७१० फूट उंचीचे धरण बांधून मार्च १९६३ मध्ये दरवाजे मिटले. त्या सरोवराला नाव दिले पॉवेलचे. ज्याची हुर्यो उडवली त्याच्याच नावाने सरोवर! ते पूर्ण भरायला सतरा वर्षे लागली, १९८० उजाडले.

या धरणाने नदीचे रूप पार पालटले. जूनचा महापूर गेला. तांबडे कोमट पाणी गेले, सरोवराच्या तळाचे हिरवे थंडगार पाणी वाहू लागले, आणि त्या गढूळ पाण्यात हजारो वर्षे वाढलेले मासे संपत चालले. प्रवाह आता हिमावर नव्हे, विजेच्या मागणीवर चढू-उतरू लागला. फिनिक्समध्ये दुपारी वातशीतक यंत्रे सुरू झाली की नदी चढायची, रात्री उतरायची. शनिवार-रविवारी कारखाने आणि कचेऱ्या बंद म्हणून नदीही रोडावायची. नदीला रविवारची सुट्टी लागू झालेली मी दुसरीकडे कोठे वाचलेली नाही. १९९० च्या दशकात या चढउतारावर मर्यादा घातल्या गेल्या.

एकदा मात्र हिमाने आपला अधिकार दाखवून दिला. १९८३ च्या वसंतात थंडी लांबली. मे महिन्यातही पर्वतावर हिम पडत राहिले. मग एकाएकी ऊन तापले, वर पाऊस पडला, आणि दोन महिन्यांत यायचे ते पाणी काही आठवड्यांत आले. अंदाज कमी ठरले. पॉवेल सरोवर आधीच भरलेले, जागा ठेवलेली नाही. पाणी सांडव्याच्या दरवाजांवरून जाऊ नये म्हणून चार फूट उंचीच्या प्लायवूडच्या फळ्या वर लावल्या, मग पोलादी. सांडव्याच्या बोगद्यांत पाण्याच्या वेगाने काँक्रीट उखडले आणि खालच्या खडकात घरे मावतील एवढे खड्डे पडले. धरणातून सेकंदाला ९०,००० घनफुटांहून अधिक पाणी सोडावे लागले. जुलैच्या मध्याला पाणी उतरू लागले. धरण वाचले.

हा पूर लोकांच्या मनात राहिला, आणि नदीत पाणी मुबलक आहे या समजुतीला आणखी काही वर्षे मिळाली. वस्तुतः खरा आकडा त्यापूर्वीच बाहेर आलेला होता. वाळवंटातल्या डोंगरांवरची झाडे दरवर्षी एक कडे वाढतात. ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. चार-साडेचार शतकांची अशी कडी मोजून चार्ल्स स्टॉक्टन आणि गॉर्डन जेकोबी यांनी १९७६ साली अनुमान काढले की लीज फेरीची दीर्घकाळची सरासरी १ कोटी ३५ लाख एकरफुटांच्या आसपास असावी, आणि विसाव्या शतकाचा आरंभ हा त्या साऱ्या काळातला अत्यंत ओला काळ होता. नंतरच्या अभ्यासकांनी आकडा थोडा वर सरकवला. पण १ कोटी ६५ लाखांपर्यंत तो कोणाचाच गेला नाही. जूनचा कागद झाडांच्या पोटात होता.

२००० सालापासून पुढे तर नदीने सरासरीही सोडली. तेव्हापासूनची वार्षिक सरासरी सुमारे १ कोटी २४ लाख एकरफूट आहे. आपल्या मापाने ५४० टीएमसी. कृष्णेच्या पाण्यात एकट्या महाराष्ट्राला जो ५६० टीएमसीचा वाटा मिळाला, त्याहूनही हे कमी. आणि यावर पूर्णतः किंवा अंशतः चार कोटी माणसे विसंबून आहेत. मीड सरोवर १९८३ साली १,२२५ फुटांवर होते. जुलै २०२२ मध्ये ते १,०४० फुटांवर आले, १९३७ नंतरची ही सर्वांत खालची पातळी. काठच्या खडकांवर पांढरा पट्टा उमटला आहे, घरातल्या हंड्यावर पाण्याची खूण राहते तसा. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने इतिहासात प्रथमच टंचाई जाहीर केली आणि कपात सुरू झाली.

यात एक नवी गोष्ट आहे, तिने चर्चसाहेबांचा काटाही चकवला. २०२१ साली वरच्या डोंगरांवर नेहमीच्या ऐंशी-नव्वद टक्के हिम होते. जुन्या हिशेबाने पाणीही साधारण तेवढे यायला हवे. पॉवेल सरोवरात आले ते नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मधले गेले कोठे? आधीच्या वर्षी पाऊस हुकला होता, जमीन कोरडीठाक होती. वितळलेले हिम प्रथम तिने प्यायले. हवा पूर्वीपेक्षा तापलेली, तिने वाफ केली. हिम आठवडे आधी वितळते, म्हणून झाडे-झुडपे आधी जागी होतात आणि तीही पितात. शिवाय खालच्या वाळवंटातली धूळ उडून हिमावर बसते. पांढऱ्या हिमाला ऊन लागत नाही, मळक्या हिमाला लागते. फंडात रक्कम जमा आहे, पण हातात येईपर्यंत वाटेतच कापली जाते. तापमान वाढत गेले म्हणजे ही कपात वाढते, हे आता तज्ज्ञांनी मान्य केलेले आहे.

आपल्याकडे कृष्णेची वाटणी बच्छावत लवादाने केली. पहिला अहवाल १९७३ चा, अंतिम निर्णय १९७६ चा. त्यांनी सरासरी धरली नाही. १८९४ पासूनच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नोंदी मांडल्या आणि शंभरांतली पंच्याहत्तर वर्षे जेवढे पाणी हमखास मिळेल तेवढेच वाटले. तो आकडा २,०६० टीएमसी. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. कोणालाच तो पुरेसा वाटला नाही, तिन्ही राज्ये कुरकुरली. पुढच्या लवादाने २०१० साली पंच्याहत्तरऐवजी पासष्ट टक्क्यांचा हिशेब धरला, म्हणजे वाटण्याचे पाणी वाढले आणि हमी घटली. ते प्रकरण न्यायालयात अडकले. आमचे शहाणपण अमेरिकेहून मोठे असे मला यावरून दाखवायचे नाही. पावसावरच्या नदीला पर्वतावरचा फंड नसतो, म्हणून आम्हाला आधीपासून भीत भीत मोजावे लागले, इतकेच. पण पासष्टवर जाताना सांता फेची आठवण कोणाला झाली असेल का, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आता कोलोरॅडोच्या शेवटच्या टोकाची हकीकत सांगतो. मेक्सिकोत या नदीचा त्रिभुज प्रदेश एके काळी पाणथळ आणि गर्द होता. कुकापा नावाचे लोक तेथे मासेमारीवर आणि पुराच्या ओलीवर जगत. त्यांच्या नावाचा अर्थच नदीचे लोक असा सांगतात. १९६० च्या दशकापासून नदी नियमाने समुद्राला मिळेनाशी झाली. तहातले पाणी सरहद्दीवरच कालव्यात वळते आणि खाली पात्र कोरडे राहते.

दोन्ही देशांनी १९४४ च्या तहाला एक पुरवणी करार जोडला आणि त्याप्रमाणे मार्च २०१४ मध्ये नदीसाठी म्हणून पाणी सोडले; शेतीसाठी नव्हे, शहरासाठी नव्हे. सगळे मिळून एक लाख पाच हजार एकरफूट, आपले साडेचार टीएमसी. आठ आठवडे ते थोडे थोडे सोडले गेले. सान लुईस या सरहद्दीवरच्या गावात पुलाखालच्या वाळूत लोक नदीची वाट पाहत जमले. पाणी आले तेव्हा पोरे त्यात उतरली. त्यांतल्या कित्येकांनी आपल्या गावची नदी वाहताना प्रथमच पाहिली. मेच्या मध्याला ते पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन मिळाले. १८ मे रोजी दरवाजे बंद झाले. वर रॉकी पर्वतावर त्या वेळी हिम वितळण्याचा भर होता, आणि सान लुईसच्या पुलाखाली वाळू पुन्हा कोरडी पडू लागली.